सेल्फ फिरतोय, गाडी काही उठत नाही

डिसेंबर लागला की या सदराकडे जुन्या गाड्यांची पत्रं वाढतात. पावसाळ्यात वायपर, उन्हाळ्यात रेडिएटर आणि थंडीत कार्बोरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), असं आमचं कॅलेंडर ठरलेलंच आहे. यावेळी सगळी पत्रं ठाणे आणि नवी मुंबईचीच आलीत, आणि बहुतेकांनी निदान आधीच करून ठेवलंय, "थंडीमुळे होतंय". म्हणून थोडं भांडायला बसलोय.

प्रश्न : काका, आमच्याकडे बाबांची 1996 ची मारुती 800 आहे. पाचपाखाडीला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते, फक्त रविवारी काढतो. थंडी पडल्यापासून सकाळी स्टार्टच होत नाही, पंधरा-वीस सेल्फ मारल्यावर कशीबशी लागते आणि एकदा लागली की दिवसभर अर्ध्या सेल्फला उठते. नाक्यावरच्या मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, आता म्हणतो नवीनच टाका. टाकू का?

उत्तर : अजिबात नको, निदान आत्ता तरी नको. तुम्ही थंडीवर भर दिलाय, पण तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य "फक्त रविवारी काढतो" हे आहे. ठाण्यात जानेवारीच्या पहाटे असून असून किती थंडी असते हो, सोळा-अठरा डिग्री, क्वचित त्याखाली. तेवढ्याला कार्बोरेटरवाली गाडी घाबरत नाही, याच गाड्या त्या काळात सिमल्यातही चालल्यात. तेव्हा खर्च करायच्या आधी एक फुकटची टेस्ट करा. या रविवारी गाडी व्यवस्थित फिरवून आणा, आणि सोमवारी सकाळी सातला, तशाच थंडीत, परत स्टार्ट करून बघा. सोमवारी दोन सेल्फमध्ये लागली तर थंडीला दोष देऊ नका, दोष उभं राहण्याचा आहे. सोमवारीही तोच तमाशा झाला तर मग चोक (गार इंजिनाला जादा पेट्रोल द्यायची सोय), बॅटरी, स्पार्क असं बघत जाऊ.

माझा अंदाज, सोमवारी लागेल.

होतं काय, तुमच्या गाडीत पेट्रोल पंप इलेक्ट्रिक नाही, मेकॅनिक लोक ज्याला एसी पंप म्हणतात तो आहे, कॅमशाफ्टवर चालणारा. म्हणजे इंजिन फिरेल तेव्हाच पेट्रोल ओढणार. कार्बोरेटरमध्ये जी छोटी वाटी असते, फ्लोट चेंबर, तिच्यातलं पेट्रोल गाडी बंद केल्यावर गरम इंजिनाच्या आचेने थोडं उडतं आणि मग आठवडाभर पार्किंगच्या उन्हात हळूहळू उडतच राहतं. वर उडतो तो आधी पेट्रोलचा हलका भाग, म्हणजे नेमका तो भाग ज्याची वाफ गार इंजिनात पटकन होते आणि ज्याच्यामुळे गाडी पहिल्या सेल्फला पेट घेते. मागे उरतं ते थोडं आणि जड. मग रविवारी सकाळी तुम्ही सेल्फ मारता तेव्हा पहिले दहा-बारा सेल्फ गाडी स्टार्ट करायला नाही, वाटी भरायला जातात. ती भरली की गाडी लागते आणि मेकॅनिक म्हणतो बघा माझ्या हाताला यश आलं.

हे डोळ्याने बघता येतं. सकाळी सेल्फ मारायच्या आधी, इग्निशन बंद ठेवून, एअर क्लीनरचं झाकण काढा, चोकची पाकळी बोटाने उघडी धरा, टॉर्च मारा आणि दुसऱ्या कोणाला तरी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबायला सांगा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला पाहिजे. हे ॲक्सिलरेटर पंपचं काम, आणि त्याला पेट्रोल याच वाटीतून मिळतं. पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे, रोग दुसरीकडे शोधा. कोरडं ठाक असेल तर वाटी रिकामी आहे (किंवा त्या पंपचा डायफ्राम फाटलाय, पण मग चालत्या गाडीत रेस देताना झटका बसतो, तसं तुम्ही लिहिलेलं नाही). हे करताना सिगरेट वगैरे नको, हे सांगायला नकोच पण सांगतो.

आता वाटी रिकामी का झाली हे दोन प्रकारचं असू शकतं आणि इथे बहुतेक मेकॅनिक घाई करतात. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपात एक पारदर्शक फिल्टर बसवून घ्या, अगदी स्वस्त मिळतो. रविवारी सकाळी स्टार्ट करायच्या आधी त्याच्याकडे बघा. फिल्टर भरलेला आणि वाटी रिकामी असेल तर नुसतं उडून गेलंय, गाडी निरोगी आहे, तिला फक्त वापर पाहिजे. पण फिल्टरही रिकामा असेल तर पेट्रोल मागे टाकीत उतरतंय, म्हणजे पंपाच्या आतले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा मागच्या रबरी पाइपला चीर आहे आणि पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतोय. अशी चीर बाहेर गळत नाही, कारण तिथे दाब नसतो, ओढ असते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तीस वर्षांच्या गाडीचे सगळे रबरी पाइप तसेही एकदा बदलाच, नवीन कार्बोरेटरच्या मानाने किरकोळ खर्च आहे. पाइप घेताना इथेनॉलला चालणारा मागा, आता पंपावर ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय, जुनं रबर त्यात फुगतं नाहीतर कडक होऊन तडकतं.

थंडीचा वाटा शून्य आहे असं मी म्हणत नाही. गार सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ कमी होते, बरंचसं थेंब होऊन मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांच्या भिंतीला चिकटतं, म्हणून तर चोक दिलाय, हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवायला. गरम इंजिनाला साधारण पंधराला एक असं हवा-पेट्रोलचं वजन लागतं, गार असताना त्याच्या कितीतरी जास्त पेट्रोल आत घालावं लागतं. तेव्हा चोक खरंच बंद होतोय का तेही त्याच टॉर्चने बघून घ्या. डॅशबोर्डवरची मूठ पूर्ण ओढल्यावर पाकळी पूर्ण आडवी, घट्ट बंद दिसली पाहिजे. कित्येक जुन्या गाड्यांत केबलची पकड सरकलेली असते, मूठ पूर्ण बाहेर आणि पाकळी अर्धीच बंद, आणि मालक वर्षानुवर्षं समजतो मी चोक देतोय. एका स्क्रूचं काम आहे.

आणि बॅटरी. रविवारी पंधरा-वीस सेल्फ मारले की बॅटरीचा जीव जातो आणि मग पुढच्या रविवारी सेल्फ हळू फिरतो, म्हणजे एका आजाराने दुसरा आजार लावला. मल्टीमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला पाहिजे, 12.2 दिसले तर बॅटरी अर्धी रिकामी आहे. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जात असेल तर बॅटरी एकतर गेलीय नाहीतर नुसती उतरलीय, आधी चार्ज करून परत बघा. बॅटरी ठीक आणि तरी सेल्फ रडतोय, तर अर्थिंगची पट्टी बघा. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, कळव्याला एका मित्राच्या गाडीचा कार्बोरेटर मी सलग दोन रविवार खोलून बसवला होता, जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) धुतले, गॅस्केट बदलले, वाटी भरली, आणि शेवटी त्याच्या वडिलांनी येऊन विचारलं की ही इंजिनाकडून बॉडीला जाणारी वायर हिरवी का झालीय. खाडीची हवा आहे आपल्याकडे, तांब्याला सोडत नाही. पॉलिश पेपर मारला, नट आवळला, गाडी पहिल्या सेल्फला. त्या काकांनी मला चहा पण दिला, ते जास्त लागलं.

रविवारची पद्धत अशी ठेवा, चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबून सोडा, पाय काढून घ्या, पाच-सहा सेकंद सेल्फ, मग वीस-तीस सेकंद थांबा, परत. सलग अर्धा मिनिट सेल्फ मारत बसू नका, मोटर जळते. आणि आठवड्यातून मध्ये एकदा, बुधवारी म्हणा, गाडी तलावपाळीपर्यंत नेऊन आणा. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू ठेवण्यात अर्थ नाही, त्याने बॅटरी भरत नाही आणि प्लग मात्र काळे होतात.

प्रश्न : वाशीहून लिहितेय. माझ्या सासऱ्यांची जुनी गाडी आता मी चालवते. सकाळी किल्ली फिरवून धरली की सेल्फ फिरतो पण गाडी लागत नाही, मी कंटाळून किल्ली सोडते आणि नेमकी सोडताना लागते! घरचे म्हणतात माझा वहम आहे.

उत्तर : वहम नाही, तुम्ही निदानाचं निम्मं काम करून पाठवलंय. सेल्फ मोटर चालू असताना बॅटरीतला करंट भसाभस ओढते, व्होल्टेज पडतं, स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला पुरेसं मिळत नाही आणि स्पार्क अशक्त पडतो. किल्ली सोडली की मोटर बंद, व्होल्टेज परत वर, इंजिन अजून आपल्या जोराने एखादा फेरा फिरत असतं आणि त्या फेऱ्यात चांगला स्पार्क मिळून पेट घेतं. म्हणून पहिला संशय बॅटरी आणि तिची टर्मिनल्स. दुसरा संशय जुन्या पॉइंटवाल्या (कॉइलचा करंट उघडझाप करून तोडणारा स्विच असलेल्या) गाड्यांपुरता, काहींत कॉइलच्या आधी एक रेझिस्टर असतो आणि सेल्फ मारताना त्याला वळसा घालून कॉइलला थेट बॅटरीचा करंट देणारी वेगळी वायर असते, ती तुटली की अगदी हेच होतं. चांगल्या इलेक्ट्रिशियनला "सेल्फ मारताना कॉइलवर किती व्होल्ट येतात ते मोज" एवढंच सांगा, त्याने मोजायच्या ऐवजी थेट कॉइल बदलायला काढली तर दुसरा इलेक्ट्रिशियन बघा. पॉइंटची गॅपही तपासून घ्या, साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर असते, फीलर गेजने, डोळ्याने नाही. आणि घरच्यांना हे पत्र वाचून दाखवा.

प्रश्न : नेरूळला माझी प्रीमियर पद्मिनी आहे, हौस म्हणून ठेवलीय. चोकवर लगेच स्टार्ट होते पण चोक आत ढकलला की बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं अर्ध्या चोकवर चालवावी लागते, मग ठीक. मेकॅनिकने स्लो स्पीडचा स्क्रू पिळून पिळून आयडलिंग एवढं वाढवलंय की सिग्नलला गाडी गुरगुरते. ई20 मुळे होतं का हे?

उत्तर : पद्मिनी अजून ठेवलीय हे वाचून बरं वाटलं, मुंबईत तर 2023 च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा गेली.

चोकवर चालते आणि चोकशिवाय मरते याचा अर्थ मिश्रण पातळ आहे, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, आणि तुम्ही चोक लावून ती उणीव झाकताय. पेट्रोल कमी पडत असेल तर आयडलचा बारीक जेट चोंदलाय, उभ्या गाडीत हे हमखास होतं, पेट्रोल सुकून चिकट थर राहतो. तो जेट काढून क्लीनरने धुवा आणि हवेने फुंका, तारेने टोचू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की कायमचं पेट्रोल खाणार. जास्त हवा शिरत असेल तर ती बहुधा कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटमधून किंवा मॅनिफोल्डच्या जोडातून. इंजिन गार असताना चालू करा आणि त्या जोडावर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा, इंजिनाचा आवाज तिथल्या तिथे बदलला तर चोर सापडला. मेकॅनिक लोक हेच पेट्रोलने करतात, तुम्ही करू नका. नट पिळून पिळून कार्बोरेटरचं बूड वाकडं झालं असेल तर नवीन गॅस्केटही फार दिवस टिकत नाही, काचेवर पॉलिश पेपर ठेवून ते सपाट करून घ्यावं लागतं.

ई20 चा हात आहे, पण तो आगीत तेल ओतण्याएवढा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून जुन्या जेटवर मिश्रण आणखी पातळ होतं, आणि त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते म्हणून गार इंजिन जरा जास्त कुरकुरतं. जी गाडी आधीच काठावर होती ती या धक्क्याने पलीकडे पडली. जेट आणि गॅस्केट नीट केल्यावर मिक्स्चरचा स्क्रू थोडा बाहेर, मग आयडलिंग खाली, या क्रमाने. तुमच्या मेकॅनिकने उलट्या बाजूने सुरुवात केली.

एक गोष्ट पद्मिनीवाल्यांसाठी मुद्दाम. जुन्या सोलेक्स कार्बोरेटरच्या काही प्रकारांत मारुतीसारखी चोकची पाकळी नसते, बाजूला वेगळं स्टार्टर सर्किट असतं. ते थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, बंद असतानाच इंजिनाच्या ओढीवर चालतं. तुम्ही चोक ओढून वर ॲक्सिलरेटरही दाबून धरलात तर ती ओढ संपते आणि गाडी लागत नाही. झाकण उघडून वरून पाकळी दिसत नसेल तर तुमचा हा प्रकार, पाय लांब ठेवा. तसंच काही गाड्यांच्या पेट्रोल पंपाला खाली हाताने मारायची छोटी दांडी असते, आठवड्याने गाडी काढताना ती आठ-दहा वेळा मारा, वाटी भरते आणि बॅटरी वाचते. दांडी ढिली लागली तर पंप बिघडला समजू नका, पंपाला ढकलणारा कॅमचा उंचवटा वर आलेला असेल, इंजिन थोडं फिरवा आणि परत मारा.

प्रश्न : कोलशेतहून. माझा मित्र एअर क्लीनर काढून कार्बोरेटरमध्ये झाकणभर पेट्रोल ओततो, गाडी एका सेल्फला लागते. मी पण करू का?

उत्तर : नाही. गाडी लागली तर निदान मिळतं, वाटी रिकामी होती एवढंच, पण ते पिचकारीवाल्या टेस्टने बिनधोक मिळतं. स्पार्कचं टायमिंग थोडं इकडेतिकडे असलं की इंजिन उलट शिंकतं आणि ज्वाळा कार्बोरेटरमधून वर येते, तिथे तुमचा मित्र झाकण हातात घेऊन वाकलेला असतो. भुवया गेलेली माणसं मी पाहिलीत. शिवाय अंदाज चुकला तर गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन प्लग ओले. तसं झालंच तर चोक पूर्ण आत, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून ठेवायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा, जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. तरी नाही लागली तर प्लग काढून सुकवा.

प्रश्न : बेलापूरला खाडीजवळ राहतो. माझी गाडी थंडीत नाही, पावसाळ्यात सकाळी लागत नाही. ऊन पडलं की आपोआप लागते. हे काय?

उत्तर : डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डब्याच्या झाकणात दमट हवा शिरून आत बाष्प धरतंय, करंट प्लगकडे जायच्या ऐवजी ओलाव्यावरून पळतोय. झाकण काढा, कोरड्या सुती कापडाने आतून पुसा. आत पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेघा दिसल्या तर पुसून उपयोग नाही, झाकणच बदला. झाकण काढण्यापूर्वी प्लगच्या वायरींना नंबर टाका, मारुती 800 चा सिलिंडर पेटायचा क्रम 1-3-2 आणि पद्मिनीचा 1-3-4-2, एक वायर चुकली की दुसरीच भानगड. रात्री अंधारात बॉनेट उघडून गाडी चालू ठेवून लांबून बघा, वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरीही गेल्या. हात लावायचा नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडला राहतो. तुमचं सगळं वाचतो, पण माझी 800 सकाळी झकास लागते. दुपारी ट्रॅफिकमध्ये तासभर अडकून पुढे पेट्रोल पंपावर बंद केली की दहा मिनिटं काही केल्या लागत नाही. चोक देऊन बघितलं, आणखी बिघडते.

उत्तर : चोक देऊन बिघडणारच, तुमची तक्रार बरोबर उलटी आहे. गरम इंजिन बंद केलं की त्याची आच वर चढते, वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं आणि मिश्रण जाड होतं, नाहीतर पंपात आणि पाइपात वाफ अडकते आणि पंप पेट्रोल ओढू शकत नाही. पहिल्या प्रकारात पेट्रोलचा वास येतो, तेव्हा वर कोलशेतवाल्यांना सांगितला तोच उपाय, चोक आत आणि ॲक्सिलरेटर तळाशी. वास नसेल तर वाफ अडकलीय, बॉनेट उघडा आणि पंपावर ओलं कापड ठेवा, पाच मिनिटांत लागेल. मग सवडीने रेडिएटरचा फॅन वेळेवर चालू होतोय का आणि पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला टेकलाय का ते बघून घ्या. कापड मात्र नीट पिळून ठेवा, डिस्ट्रिब्युटर शेजारीच आहे, त्यात पाणी गेलं तर बेलापूरवाल्यांचं पत्र परत वाचावं लागेल.